जुनी व्होल्वो एस६० डी५ ओव्हरटेकच्या वेळी दम सोडते? टर्बो बदलायच्या आधी हे सगळं बघा

ही पोस्ट एकाच दुखण्यावर आहे, म्हणजे गाडी शहरात मस्त चालते, हायवेवर जोर लावला की अचानक मरते, डॅशबोर्डवर "रिड्यूस्ड इंजिन परफॉर्मन्स" असा मेसेज येतो, आणि बाजूला घेऊन बंद करून चालू केली की काही झालंच नव्हतं अशी पळायला लागते. माझ्या गाडीत हे परत परत झालंय, मित्रांच्या आणि त्यांच्या ओळखीच्यांच्या गाड्यांतही मीच हात घातलाय, त्यामुळे कुठून सुरू करायचं हे आता पाठ झालंय.

ह्या गाड्या ग्वाल्हेरात आल्या कुठून ते सगळ्यांना माहीतच आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली, २०१५ ला एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवादानं) आदेश दिला, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तो कायम ठेवला, तेव्हापासून तिकडच्या लोकांनी मोठ्या डिझेल गाड्या मिळेल त्या भावाला काढल्या आणि एनओसी घेऊन त्या आपल्या लष्कर-मुरारच्या गल्ल्यांत येऊन उभ्या राहिल्या. गाडी आहे भारीच, २.४ लिटर, पाच सिलिंडर, दोन टर्बो (इंजिनात दाबानं हवा भरणारे पंखे), २०५ हॉर्सपॉवर, ४२० न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना ताकद, आणि खड्ड्यांतून जाताना सुद्धा दार बंद केल्याचा आवाज अजून तसाच ठोस. पण रबर आणि प्लॅस्टिक मात्र म्हातारं झालंय, त्यात आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बॉनेटच्या खाली काय होत असेल ते तुम्हीच समजा.

आधीच सांगतो, ह्या लक्षणांवर वर्कशॉपवाले पटकन "टर्बो गेला" म्हणतात. मला दिल्लीच्या बाजूच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी रॅम्पवर चढवायच्या आधीच टर्बोचं एस्टिमेट हातात दिलं होतं. शेवटी निघाला एक फाटका पाइप. टर्बो खरंच जातो, नाही असं नाही, पण तो यादीत शेवटी येतो.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे मुरैन्याच्या पुढे, ट्रकच्या मागून बाहेर काढून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की दोन ते तीन हजार आरपीएमच्या मध्ये कुठेतरी गाडी धक्का दिल्यासारखी थबकते आणि मग कितीही दाबा, ती आपल्या मनानंच चालते. हळू चालवलं तर दिवसभर काही होत नाही. मागे काळा धूर दिसतो, मागच्या गाडीतला माणूस हॉर्न वाजवून सांगतो तेव्हा कळतं. काच खाली करून ऐकलं तर जोर लावताना "फुस्स" किंवा लांब "सूंऽऽ" असा आवाज येतो, जो पूर्वी नव्हता. मायलेज हळूहळू कमी होतं.

एक गोष्ट नीट बघून लिहून ठेवा, कारण पुढे फार कामाला येते: गाडी खालच्या आरपीएमलाच मेल्यासारखी आहे का, की खाली ठीक आहे आणि तीन हजाराच्या पुढे गेल्यावर पडते? डी५ मध्ये एक छोटा टर्बो आहे जो खालच्या आरपीएमला पटकन हवा भरतो आणि एक मोठा जो वर सगळं सांभाळतो, आणि कोणी कधी काम करायचं ते ठरवणारे फ्लॅप, म्हणजे झडपा, व्हॅक्यूमवर (पोकळीच्या ओढीनं) हलतात. दोन्हीकडे कमजोर असेल तर बहुतेक हवेचा पाइप कुठेतरी गळतोय. एकाच पट्ट्यात कमजोर असेल तर व्हॅक्यूमकडे जास्त लक्ष द्या.

आणि हे पण बघा की तुमचं दुखणं हेच आहे ना. गाडी उभी असताना थरथरते, स्टार्ट व्हायला वेळ घेते, पांढरा धूर येतो, तर ते इंजेक्टर किंवा ग्लो प्लगचं काम असू शकतं. ताकद नाही पण काळा धूरही नाही आणि आवाजही नाही, तर आधी डिझेल फिल्टर बघा, चोंदलेल्या फिल्टरनं सुद्धा गाडी अगदी अशीच बसते. फिल्टर कधी बदललाय ते माहीत नसेल तर बदलूनच टाका, स्वस्तातलं काम आहे, आणि जुन्या फिल्टरमधलं डिझेल एका काचेच्या बरणीत ओतून थोडा वेळ ठेवा, खाली पाणी बसलेलं दिसलं तर पंप बदला. पेट्रोल पंप म्हणतोय मी, इंजिनचा नाही.

कोड आधी, पाना नंतर

गाडीतले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल हजार-दीड हजारात मिळतो, तो घ्याच. मेसेज आला की लगेच कोड वाचा आणि स्क्रीनशॉट काढा, पुसू नका. बऱ्याच जणांना मेसेज दिसला की कोड उडवायची सवय असते, त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती हे सगळं गेलं.

बहुतेक वेळा पी०२९९ येतो, अंडरबूस्ट. इंजिनच्या कॉम्प्युटरनं जेवढी हवा मागितली तेवढी मिळाली नाही, फरक काही सेकंद तसाच राहिला, म्हणून त्यानं इंजिनला वाचवायला डिझेल कमी केलं. एवढंच. कोड म्हणजे पोलिसात लिहिलेली तक्रार, आरोपी कोण ते त्यात नसतं. पी०१०१ असेल तर मास एअरफ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) बाजूनं विचार करा, पी०४०१ म्हणजे ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा), पी०२३४ म्हणजे उलटं, बूस्ट जास्त झाला, आणि पी००८७ असेल तर हा सगळा लेख सोडून डिझेल सप्लायकडे वळा.

त्याच डोंगलवर आणखी एक फुकटची टेस्ट होते. इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग बघा. इंजिन बंद असताना पाइपमधली हवा आणि बाहेरची हवा सारखीच असते, आणि ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे, तर आकडा ९७ ते ९९ केपीए असा यायला हवा, उन्हाळ्यात थोडा खाली, थंडीत थोडा वर. तिथे १०८ किंवा ८८ दिसत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि कॉम्प्युटर बिचारा त्याच्यावर विश्वास ठेवून बसलाय.

एअर फिल्टर आणि उंदीर

हसू नका. आपल्याकडे लू चालते तेव्हा फिल्टरमध्ये चंबळच्या बाजूची अख्खी धूळ येऊन बसते, आणि कंपनीनं लिहिलेला इंटरव्हल युरोपच्या रस्त्यांसाठी असतो. बॉक्स उघडा, फिल्टर काढा, उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर नवा टाका. तेल लावलेले परफॉर्मन्स फिल्टर ह्या गाडीत टाकू नका, ते तेल उडून मास एअरफ्लो सेन्सरवर बसतं आणि मग तुम्ही नसलेला आजार शोधत बसता. झाकण परत लावताना सगळे स्क्रू आणि कडा नीट बसल्यात का बघा, अर्धवट बसलेल्या झाकणातून न गाळलेली हवा सरळ टर्बोच्या पात्यांवर जाते.

थंडीत गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की उंदीर इंजिनच्या उबेला येतात. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या त्यांना फार आवडतात. फिल्टर बॉक्सच्या आसपास कापूस, शेंगदाण्याची टरफलं, काळ्या लेंड्या दिसल्या तर पुढचं व्हॅक्यूमवालं प्रकरण आधी करा.

बूस्ट पाइप, हाच मुख्य गुन्हेगार

इथे वेळ द्या. टर्बोतून निघालेली गरम हवा पुढे खाली इंटरकूलरमध्ये जाते, थंड होऊन दुसऱ्या पाइपनं वर इंजिनमध्ये येते. ह्या पाइपांत रबर आहे, आत कापडाचे थर आहेत, टोकाला प्लॅस्टिक आहे, आणि सगळ्यांना थोडा तेलाचा वास लागलेला असतो कारण ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत हवेच्या पाइपात सोडणाऱ्या नळीतून) तेलाची वाफ येतेच. वर्षानुवर्षं तेल, उष्णता आणि इंजिनचं हलणं, एवढं झालं की पाइप फाटतो, आणि फाटतो तो नेमका खालच्या बाजूनं जिथे वरून काही दिसत नाही. इंजिन आयडल असताना फट मिटलेली असते, जोर लावला की उघडते. म्हणून गॅरेजमध्ये उभी करून मिस्त्री म्हणतो "साहेब, सब ठीक है", आणि धोलपूरला जाईपर्यंत गाडी पुन्हा बसते.

करायचं असं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, संध्याकाळी आणली असेल तर सकाळी करा. गाडी वर उचलायची तर नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, कोणी कितीही म्हणो "दोन मिनिटांचं काम आहे". मी धुलाईवाल्याचा हायड्रॉलिक रॅम्प अर्ध्या तासासाठी मागून घेतो, सकाळी त्याच्याकडे गर्दी नसते, धुलाईचे पैसे दिले की तो खूश. खालचं कव्हर टॉर्क्स स्क्रूंचं असतं, बिटचा सेट घेऊन जा, चपटा स्क्रूड्रायव्हर घुसवून त्यांची डोकी खराब करू नका.

आता टॉर्च लावून पाइपाच्या खालच्या बाजूला बघा. गळती असते तिथे तेलाची वाफ बाहेर पडते, तिच्यावर धूळ बसते, आणि एक काळा ओलसर लेप तयार होतो. बाकी सगळीकडे कोरडी धूळ आणि एकाच जागी हा चिकट काळा पट्टा दिसला तर समजा की जवळ आलात. कपड्यानं पुसा. मग दोन्ही हातांनी पाइप पकडून वाकवा, पिळा, क्लिपच्या अगदी जवळ आणि जिथे पाइप एखाद्या ब्रॅकेटला टेकतो तिथे खास. वरचा थर नुसता सुरकुतलेला असेल तर चालेल, पण वाकवल्यावर आतले कापडाचे धागे दिसले की तो पाइप संपला. बोट आत घालून पण फिरवा, कधी बाहेरून ठणठणीत आणि आतून थर सुटलेला असतो, जो हवेच्या ओढीनं आत कोसळून रस्ताच अडवतो. इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला बारीक तडा आहे का तेही नखानं चाचपा.

पुसून काही दिसलं नाही तर सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर शिंपडा आणि हायवेवर दोनदा जोरात दाबून या. जिथून पावडर उडालेली तिथे गळती. घरात रांगोळी पडलेली असते म्हणून ती वापरू नका, ती खरखरीत दगडाची भुकटी आहे, इंजिनजवळ तिचं काम नाही.

क्लिप ढिली असेल तर आवळा, पण ताकद लावून नाही. जास्त आवळल्यानं क्लिप रबरात घुसते, खालची प्लॅस्टिकची नळी चिरते, आणि शंभर रुपयांचं काम कित्येक हजारांचं होतं. फाटलेल्या पाइपावर टेप, एमसील, सायकलच्या ट्यूबचं रबर असलं काही टिकत नाही, घरापर्यंत येण्यापुरतं ठीक. सिलिकॉनचा पाइप बनवून घ्यायचा असेल तर आतून फ्लोरोचं अस्तर असलेलाच घ्या, साधं सिलिकॉन तेल पितं आणि काही महिन्यांत बाहेरून घामेजल्यासारखं तेलकट होतं. दिल्लीला जाणं होणार असेल तर काश्मिरी गेटला नवा बघा, मायापुरीतून जुना आणू नका, तो तुमच्याच वयाच्या गाडीचा असतो.

प्रेशर टेस्ट

डोळ्यांनी सापडलं नाही तर. एअरफ्लो सेन्सरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा पाइप सोडा, त्याच्या तोंडाला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पीव्हीसीची टोपी क्लिपनं बसवा, टोपीत ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावा आणि हवा भरा. साबणाचं पाणी स्प्रे करत जा, बुडबुडे येतील तिथे गळती. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, त्यात शंभर पीएसआयच्या वर हवा असते, मध्ये रेग्युलेटर हवाच आणि १० ते १५ पीएसआयच्या वर जायचं नाही. हळू भरा, कारण ब्रीदरमधून हीच हवा क्रँककेसमध्ये पण शिरते आणि जास्त झाली तर ऑइल सील उडवते. ज्यांच्याकडे स्मोक मशीन आहे त्यांच्याकडून स्मोक टेस्ट करून घेतली तर आणखी बरं, पण आपल्याकडे अशी मशीन सगळ्यांकडे नसते.

व्हॅक्यूम

डिझेल इंजिनमध्ये व्हॅक्यूम आपोआप होत नाही, त्याला वेगळा पंप असतो, आणि तोच ब्रेकचा बूस्टर पण चालवतो. म्हणून ब्रेक पेडल नेहमीपेक्षा कडक लागत असेल आणि सोबत गाडीत ताकद नसेल तर ही दोन दुखणी एकच आहेत. हे गांभीर्यानं घ्या, ब्रेकचा प्रश्न आहे, हायवेवर जाऊ नका.

बारीक काळ्या नळ्या एकेक करून बघा, टोकाला चिरलेल्या असतात, कधी हात लावला की खारीच्या बिस्किटासारखा तुकडाच हातात येतो. मीटरवर मिळणारी नळी आणून सगळ्याच बदलून टाका, एकच बदलून पुढच्या महिन्यात दुसरीसाठी बॉनेट उघडण्यात अर्थ नाही. फक्त एका वेळी एकच नळी काढा आणि तिच्या जागी लगेच नवी लावा, आणि त्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली कुठे होती हे नंतर कोणालाच आठवत नाही.

हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर टर्बोच्या ॲक्च्युएटरला (फ्लॅपची दांडी ओढणाऱ्या डबीला) लावून ओढा, दांडी सरकली पाहिजे आणि तिथेच थांबली पाहिजे. सरकून हळूहळू परत आली तर आतलं डायफ्रॅम फाटलंय. अजिबात हलली नाही तर फ्लॅप काजळीनं जाम आहे, आणि तिथे पेचकस घालून हाणामारी करायची नाही.

सेन्सर, स्वर्ल आणि ईजीआर

मॅप सेन्सर काढून बघा, टोक काजळीनं भरलेलं असतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, काडी घालून खरवडू नका. मास एअरफ्लोला त्याचाच क्लीनर मिळतो, कार्ब क्लीनर मारलात तर आतला नाजूक भाग गेला.

ह्या पाच सिलिंडरच्या डिझेलमध्ये इनटेकला स्वर्ल फ्लॅप (आत येणाऱ्या हवेला घुमवणाऱ्या झडपा) असतात, मोटर एका प्लॅस्टिकच्या दांडीनं ते हलवते, आणि त्या दांडीची गोळी-वाटी झिजून निसटते. इग्निशन बंद करताना कोणाला तरी मोटरकडे बघायला सांगा, दांडी लोंबकळत असेल तर दांडीच बदलायची, अख्खा मॅनिफोल्ड नाही. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला असेल तरी काळा धूर आणि कमी ताकद हेच दिसतं. तो काढून साफ करता येतो पण ह्या गाडीत जागा फार कमी आहे, आणि ज्यानं आधी कधी केलं नाही त्यानं रविवारी संध्याकाळी सुरू करू नये, सोमवारी ऑफिसला रिक्षानं जावं लागेल.

इथे थांबा

वरचं सगळं झालं आणि तरी पी०२९९ येतोय, तर आता लाइव्ह डेटावर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट बाजूबाजूला ठेवून, चालत्या गाडीत बघायला लागतो, आणि त्यासाठी व्होल्वोचं व्हिडा सॉफ्टवेअर हाताळणारा माणूस हवा. डोंगलच्या ॲपवर मागितलेला आकडा बहुतेक दिसतच नाही. तिथून पुढे टर्बोचं कंट्रोल, आतले फ्लॅप, डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेतला काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्याचं मागचं प्रेशर, हे त्याचं काम.

आणि काही गोष्टी दिसल्या तर हा लेख पहिल्या ओळीलाच बंद करायचा. निळा धूर. सायरनसारखा चढत जाणारा टर्बोचा आवाज. धातूचा घासण्याचा आवाज. डिपस्टिकवर ऑइल भराभर कमी होणं, किंवा इंटरकूलरचा पाइप सोडल्यावर आतून ऑइल ओतल्यासारखं बाहेर येणं, पातळ थर चालतो, ओघळ नाही. ह्याचा अर्थ टर्बोचं सील गेलंय आणि ऑइल इंजिनच्या हवेत शिरतंय. डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागू शकतं, बटण दाबून बंद केलं तरी बंद होत नाही, आरपीएम वर वर जात राहतात, आणि आपली गाडी ऑटोमॅटिक असल्यामुळे गिअर टाकून इंजिन मारताही येत नाही. असं झालं तर बॉनेट उघडून हात घालायला जाऊ नका, गाडीपासून लांब व्हा, लोकांनाही लांब करा. म्हणून संशय आला की पुन्हा "एकदा चालू करून बघू" हा प्रयोगच करायचा नाही.

लिंप मोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरनं ताकद कमी केलेल्या अवस्थेत, सावकाश घरी येणं ठीक आहे, महिनाभर तशीच चालवणं नाही, फाटक्या पाइपानं काळा धूर ओकत चालवलेली गाडी ईजीआर आणि डीपीएफ दोन्ही भरून ठेवते.

वर्कशॉपला पाठवताना काय काय तपासलं ते कागदावर लिहून द्या, कोडचे स्क्रीनशॉट पाठवा, आणि टर्बो बदलायचा म्हणाले तर स्मोक टेस्टचा आणि व्हॅक्यूमचा रिझल्ट मागा, शाफ्ट हातानं हलवून दाखवायला सांगा. आडवा किंचित खेळ असतोच, पण पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती घराला घासल्याची खूण असेल तर मग टर्बो खरंच गेलाय, पैसे घाला. आणि गाडी ट्रान्सपोर्ट नगरातल्या एखाद्या क्रेननं पुढची चाकं उचलून ओढत नेऊ देऊ नका, ऑटोमॅटिक आहे आणि चारही चाकांना ड्राइव्ह आहे, फ्लॅटबेडच बोलवा, चारही चाकं वर.